वर्ग नागपुरात, शिक्का अलाहाबादचा

‘जुनं दप्तर’ : वाचकांचे प्रश्न, नागपूरच्या एका निवृत्त कार्यालय अधीक्षक ताईंची उत्तरे

प्रश्न : आमच्या आजोबांची बी.ए.ची पदवी बैठकीत फ्रेम करून लावलेली आहे. साल १९१९, विद्यापीठ अलाहाबाद. पण त्यांना बक्षीस मिळालेल्या एका पुस्तकावर ‘मॉरिस कॉलेज, नागपूर’ असं लेबल आहे. काका सांगतात, आजोबा अलाहाबादला राहून शिकले आणि रोज संगमावर आंघोळ करत. आत्या म्हणते, कसला संगम, ते रामटेकच्या पलीकडे गेले नाहीत. दर दिवाळीला हा वाद होतो. ताई, खरं कोणाचं?
— वाचक, त्रिमूर्तीनगर

आत्याचं. संगमावरच्या आंघोळीबद्दल मी बोलत नाही. तीर्थयात्रेला कोणीही जातं. पण बी.ए. करायला आजोबांना अलाहाबादेत बिऱ्हाड करायची काही गरज नव्हती. ते शिकले नागपुरात, मॉरिस कॉलेजात. शिक्का तेवढा अलाहाबादचा.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कॉलेजच्या ऑफिसात गेली. टीसी, बोनाफाईड, मायग्रेशन, स्कॉलरशिपच्या याद्या. त्यामुळे जुना कागद हातात आला की मी आधी नाव वाचत नाही, शिक्का पाहते. कॉलेज शिकवतं, परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं असतं विद्यापीठ. आज पोरांना हे दोन्ही एकच वाटतं, कारण दोन्ही एकाच गावात आहेत. तेव्हा नव्हते.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ साली, मॉरिस कॉलेज १८८५ साली. आणि नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी. म्हणजे चाळीस वर्षं हे गाव पोरांना बी.ए.पर्यंत शिकवत होतं, पण त्यांना पास की नापास ठरवायचा अधिकार या गावाला नव्हता.

तो अधिकार आधी कलकत्त्याला होता. हो, कलकत्त्याला. १८५७ साली देशात तीन विद्यापीठं निघाली: कलकत्ता, मुंबई आणि मद्रास. भोसल्यांचं राज्य त्याच्या चारच वर्षं आधी, तिसरे रघुजी वारल्यावर, खालसा झालेलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मुंबई विद्यापीठ होतं मुंबई इलाख्यासाठी. आपण त्या इलाख्यात नव्हतो. मॉरिस कॉलेज निघालं तेव्हा अलाहाबाद विद्यापीठ जन्मालाच यायचं होतं, ते आलं १८८७ साली. मग उरलं कलकत्ता. इकडे वऱ्हाडातल्या मुलांची तोंडं मात्र मुंबई-पुण्याकडे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. वर्धा नदी ओलांडली की विद्यापीठ बदलत होतं, असं म्हटलं तरी चालेल. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला तो १९०३ मध्ये.

पुढे १९०४ चा युनिव्हर्सिटीज ॲक्ट आला. कोणत्या विद्यापीठाने कोणत्या मुलखातली कॉलेजं सांभाळायची याच्या हद्दी आखल्या गेल्या आणि मध्यप्रांत अलाहाबादकडे गेला. तुमच्या आजोबांचं १९१९ साल बरोबर या काळात बसतं. त्यांच्या वडलांच्या पिढीतल्या कोणाचा कागद ट्रंकेत सापडला तर त्यावर कलकत्ता दिसेल. घाबरू नका, तेही बहुतेक नागपूरच्या महाल भागातूनच पायी कॉलेजला गेले असतील.

लोक हा विषय निघाला की अस्मितेचं बोलायला लागतात. मला आपली फाईल दिसते. माझ्या काळी विद्यापीठाचं ऑफिस दोन हाकांच्या अंतरावर होतं, तरी एखाद्या मुलाच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून आणायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज आणि मग ‘साहेब रजेवर आहेत’. हाच पत्रव्यवहार कलकत्त्याशी करायचा म्हटलं तर त्या बिचाऱ्या कारकुनाचं काय होत असेल? अभ्यासक्रमाचंही तेच. नागपूरच्या पोरांनी काय वाचायचं हे ठरवणारी माणसं नागपूरची नव्हती.

१९२३ मध्ये हे बदललं. पहिले कुलगुरू झाले सर बिपिन कृष्ण बोस. बंगालमधून इकडे वकिलीला आलेले हे गृहस्थ. मॉरिस कॉलेज उभं करण्याच्या खटपटीत ते होतेच. अडतीस वर्षांनी विद्यापीठही त्यांच्याच हाती आलं. सुरुवातीला विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं सहा आणि विद्यार्थी एकूण ९२७. आज एकेका मोठ्या कॉलेजात याहून जास्त पोरं असतात आणि त्यांतली निम्मी फी-माफीच्या रांगेत आमच्या खिडकीपुढे असत. पण या ९२७ पोरांचं विद्यापीठ केवढ्या मुलखाचं? जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर, अमरावती, अकोला, सगळा मध्यप्रांत आणि वऱ्हाड. सागरचं विद्यापीठ १९४६ मध्ये निघालं. अमरावती वेगळं झालं १९८३ मध्ये आणि गडचिरोलीचं गोंडवाना २०११ मध्ये.

दोन शिक्क्यांच्या सांध्यावर सापडलेला एक विद्यार्थी सांगते. मोहम्मद हिदायतुल्ला. रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ मध्ये मॅट्रिक होऊन मॉरिस कॉलेजात आले, १९२६ मध्ये बाहेर पडले. म्हणजे ते शिकत असतानाच डोक्यावरचं विद्यापीठ बदललं. नंतर ते केंब्रिजला गेले, परत आले, नागपुरात वकिली केली, इथल्या लॉ कॉलेजात शिकवलं, १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९६९ च्या उन्हाळ्यानंतर महिनाभर हंगामी राष्ट्रपतीही. काकांना हे सांगा. अलाहाबाद सुटल्याचं दुःख थोडं कमी होईल.

प्रश्न : सकाळी अंबाझरीला फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात पैज लागली आहे. नागपूरचं सर्वांत जुनं कॉलेज मॉरिस की हिस्लॉप? हरणाऱ्याने सगळ्यांना नाश्ता द्यायचा आहे. तुमचा निकाल अंतिम.
— तीन वाचक, धरमपेठ

हिस्लॉप, दोन वर्षांनी. नाश्ता मॉरिसवाल्यांनी द्यावा.

पण मॉरिसवाल्यांनी पैसे देताना एवढं जरूर बोलून घ्यावं, की ही दोन कॉलेजं दोन वेगळ्या पोटांतून आली. हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या मिशनचं. मॉरिसमागे होते गावातले वकील, शिकलेली मंडळी आणि सरकारी अनुदान. गावाला स्वतःचं म्हणता येईल असं, धर्माच्या तासाला बसायची सक्ती नसलेलं कॉलेज हवं, ही भावना त्या काळच्या पालकांत होती आणि ती काही चुकीची नव्हती.

आता हिस्लॉपच्या बाजूनेही बोलते, नाहीतर तिघांतला एक रुसेल. ज्यांचं नाव त्या कॉलेजला आहे ते स्टीफन हिस्लॉप कॉलेज निघायच्या वीस वर्षं आधीच वारले होते. १८४५ च्या सुमारास ते नागपुरात आले. काम धर्मप्रसाराचं आणि शाळा चालवण्याचं. पण माणसाला दगडांचं वेड. टाकळीच्या, सीताबर्डीच्या आसपासच्या खडकांत त्यांनी जीवाश्म शोधले. मांगली गावाजवळ सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांच्यामुळे विलायतेतल्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली. एका खनिजाला त्यांच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणतात. गोंडांची गाणी, चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या होत्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं पाहून परत येताना, पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी पुढे त्यांची टिपणं संपादित करून छापली. बुटीबोरीच्या रस्त्याने जाताना टाकळघाटची पाटी दिसली की मला आधी हा माणूस आठवतो, मग तिथली एमआयडीसी.

प्रश्न : स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी आपण एका इंग्रज साहेबाचं नाव का चालवून घेतो? ‘मॉरिस कॉलेज’ बदलायला नको का? शासन झोपलं आहे काय?
— एक संतप्त वाचक, मानेवाडा

शासन जागं आहे. तुम्हीच त्या बाजूने बरेच दिवसांत गेलेले दिसत नाही. पाटीवर मॉरिस कधीचाच नाही, भाऊ. स्वातंत्र्यानंतर ते नागपूर महाविद्यालय झालं आणि पुढे वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. एवढं लांब नाव रिक्षावाल्याला सांगून पाहा. तो विचारेल, ‘म्हणजे मॉरिस कॉलेज ना?’

सर जॉन मॉरिस हे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते, १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून १८८३ पर्यंत, मधल्या रजा धरून. इतका काळ एकाच खुर्चीवर राहिलेला अधिकारी तेव्हाही दुर्मीळच. त्यांची कारकीर्द संपल्यावर दोन वर्षांत कॉलेज निघालं आणि त्यांचं नाव दिलं गेलं. त्या काळी असं नाव देण्यात आदर किती आणि हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर दोन्ही. सरकारी मदत हवी असेल तर साहेबाच्या नावाचा उपयोगच होतो. आजही पुतळ्यांच्या समित्या कशा होतात ते आपण पाहतोच.

आत्ताचं नाव मला मात्र मॉरिसपेक्षा पटतं आणि त्याचं कारण राजकीय नाही. वसंतराव नाईक या कॉलेजचे विद्यार्थी. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातला बंजारा समाजातला मुलगा, जन्म १९१३ चा. मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाला १९३८ मध्ये, एल.एल.बी. १९४० मध्ये. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ज्याच्या नावाची पाटी आहे त्याची हजेरी त्याच कॉलेजच्या मस्टरवर लागलेली आहे, असं किती कॉलेजांना सांगता येईल? नावाचा आणखी एक रस्ता नागपुरानेच दाखवलेला आहे, देणगीचा. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले, त्यांनी आपली संपत्ती विद्यापीठाला दिली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभं राहिलं. मॉरिस अधिकारी, नाईक माजी विद्यार्थी, लक्ष्मीनारायण दाते. तिघांत डावं-उजवं तुम्ही करा.

राहता राहिला मॉरिस, तर तो आता चौकाच्या नावात आहे. ‘मॉरिस कॉलेज टी-पॉइंट’ हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झालं ते कॉलेजमुळे नाही, मोर्चांमुळे. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. डिसेंबरात गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतची माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात आणि पोलीस त्यांना या चौकात अडवतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, कोण नाही आलं! २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाच्या परिसरात अडवलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. त्यांचं स्मारक झिरो माइलजवळ आहे. तुमचा संताप पाट्यांवर खर्च करण्याआधी तिथे एकदा थांबून या, एवढंच म्हणेन.

प्रश्न : महाराजबागेतले वाघ, बिबटे कॉलेजचे कसे काय? मुलाने शाळेत असं सांगितलं तर सगळे हसले.
— एक आई, रामदासपेठ

मुलगा बरोबर आहे. महाराजबाग मुळात भोसल्यांची बाग. प्राणिसंग्रहालय ब्रिटिशांनी १८९४ मध्ये काढलं आणि ते कृषी महाविद्यालयाकडे आहे. ते कॉलेज १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. म्हणजे नागपूरच्या बिबट्याचं विद्यापीठ अकोल्याला. अलाहाबादपेक्षा जवळ आहे, हे त्याचं नशीब.

प्रश्न : मी याच कॉलेजात बी.ए.ला आहे. आमच्याकडे पूर्वी मोठमोठे प्राध्यापक होते असं सगळे म्हणतात, पण नावं विचारली की कोणी सांगत नाही. एक-दोन तरी सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, पारडी

एकाच माणसाबद्दल नीट सांगते, दहा नावांची माळ लावत नाही. वासुदेव विष्णू मिराशी. जन्म १८९३, कोकणातल्या देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचा. १९१९ मध्ये संस्कृत शिकवायला मॉरिस कॉलेजात आले. वर्गात कालिदास शिकवायचा आणि वर्ग सुटला की ताम्रपट घेऊन बसायचं. विदर्भाचा दीड हजार वर्षांपूर्वीचा इतिहास म्हणजे वाकाटकांचा इतिहास, आणि त्यातलं पुष्कळ आपल्याला कळतं ते या गृहस्थांनी ताम्रपटांवरची अक्षरं एकेक करून वाचली म्हणून. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन आणि ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, ही बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तीन राजवंशांच्या कोरीव लेखांचे जाडजूड खंड त्यांनी संपादित केले. त्यांतला शिलाहारांचा निघाला तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. १९४१ मध्ये महामहोपाध्याय, १९७५ मध्ये पद्मभूषण. आणि मुळात पेशा काय? सरकारी कॉलेजातला मास्तर. बदली, बढती, रजेचा अर्ज, सगळं आपल्यासारखंच. तुम्हाला पारडीहून रामटेक लांब नाही. गडमंदिरावर सगळे जातात. तुम्ही नगरधनचा किल्लाही पाहून या आणि ज्यांच्या कॉलेजात आपण बसतो त्यांनी या गावाला कुठल्या शतकात नेऊन पोहोचवलं त्याचा विचार करा.

दुसरं नाव मराठीतलं, कवी ग्रेस. तेही इथे शिकवत. त्यांच्या कवितेचा अर्थ मला विचारू नका.

प्रश्न : पणजोबा मॉरिस कॉलेजात होते असं घरात ऐकलं आहे. कागद एकही नाही. शोधायचं कसं?
— वाचक, सध्या पुण्यात, मूळचे इतवारी

पहिलं काम घरातच. साल पक्कं करा. ‘स्वातंत्र्याच्या आधी केव्हातरी’ हे साल नाही. लग्न कधी झालं, पहिली नोकरी कधी लागली, थोरलं अपत्य कोणत्या वर्षीचं, यावरून मागे मोजत या आणि चार-पाच वर्षांचा पट्टा ठरवा. त्यांचं पूर्ण नाव कागदोपत्री कसं लिहिलं जाई ते पाहा. जुन्या रजिस्टरांत आडनावाऐवजी स्वतःचं नाव आधी येतं, शिवाय इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीचं. देशपांड्यांची स्पेलिंगं तर मोजू नका. एक नाही सापडलं तर दुसऱ्याने शोधा.

कॉलेजातून मागायचं असेल तर प्रवेशाच्या नोंदीचा उतारा मागा. आम्ही त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणत असू. प्राचार्यांच्या किंवा संचालकांच्या नावाने साधा अर्ज, त्यात साल, नाव, नातं, आणि कशासाठी हवं ते. ‘वंशावळीसाठी’ लिहिलंत तरी चालतं, खोटं कारण जोडू नका. संस्था शासकीय आहे, त्यामुळे साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. पण आधी साधा अर्जच करा. ‘आरटीआय’ हा शब्द दिसला की ऑफिसातला माणूस मदत करायची सोडून बचावाच्या तयारीला लागतो. मीही लागत असे.

पदवीची नोंद हवी असेल तर कॉलेजकडे जाऊन उपयोग नाही. पदवी १९२३ नंतरची असेल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, म्हणजे आपलं जुनं नागपूर विद्यापीठच. त्याआधीची असेल तर त्रिमूर्तीनगरच्या वाचकांना दिलेलं उत्तर पुन्हा वाचा आणि पत्राच्या पाकिटावर पत्ता अलाहाबादचा की कलकत्त्याचा घालायचा ते सालावरून ठरवा. आणि पुण्याहून निघण्याआधी ऑफिसला फोन करून विचारा. अधिवेशनाच्या दिवसांत येऊ नका; टी-पॉइंटवरून आत शिरायलाच अर्धा दिवस जाईल.